आज रात्री काय लावू? : प्रश्न वाचकांचे, उत्तरं जुन्या लायब्ररीवाल्याची

नमस्कार. या वेळी पत्रं जास्त आणि जागा तेवढीच, म्हणून काहींना पोटभर उत्तर मिळेल, काहींना चहावर भागवावं लागेल. सुरुवात एका तक्रारीपासून करतो कारण ती खरी आहे.

दादा, गेल्या अंकात तुम्ही ‘दिल्ली क्राइम’ची एवढी स्तुती केली म्हणून रविवारी जेवणं झाल्यावर हॉलमध्ये लावलं. बँकेतून रिटायर झालेले सासरे, सासूबाई, नणंद सगळे बसलेले. सासरे वीस मिनिटांत ‘पाणी पिऊन येतो’ म्हणून उठले ते परत आलेच नाहीत. आता घरात मी काही लावायला घेतलं की सगळे एकमेकांकडं बघतात. — एक सून, जुळे सोलापूर

ताई, माफ करा, चूक माझीच. सिरीज चांगलीच आहे, शेफाली शाहनं काय काम केलंय, 2020 मध्ये सिरीजला इंटरनॅशनल एमी मिळाला तो उगाच नाही, पण पहिला सीझन दिल्लीच्या 2012 च्या त्या प्रकरणावर आहे आणि ते सासऱ्यांच्या शेजारी सोफ्यावर बसून बघायचं नसतं हे लिहायचं मी विसरलो. चांगलं आहे एवढंच लिहिलं, कुणासोबत बघायचं ते राहिलं.

आणि हे मला तरी कळायला पाहिजे होतं ओ. नवी पेठेत जिन्याखाली माझी कॅसेटची लायब्ररी होती तेव्हा मी प्रत्येक कव्हरवर बॉलपेननं ठिपका द्यायचो. निळा म्हणजे घरात सगळ्यांना चालेल, लाल म्हणजे पोरं झोपल्यावर. गिऱ्हाईक कधी पिक्चरचं नाव घेऊन यायचंच नाही. ‘पाव्हणे आलेत, द्या काहीतरी’, ‘आज मंडळी माहेरी गेलीये’, असंच बोलायचे, मी समजून जायचो.

आता तो ठिपका स्क्रीनच्या कोपऱ्यात येतो, आपण बघत नाही एवढंच. 2021 च्या नियमांनुसार यू, यूए 7+, यूए 13+, यूए 16+ आणि ए अशा पायऱ्या आहेत आणि शेजारी कारणही लिहिलेलं असतं, हिंसा, शिव्या, अंगप्रदर्शन वगैरे. वय सोडा, ते कारण वाचा. ‘पंचायत’ बघा ना, फुलेरा गाव, रघुवीर यादव, नीना गुप्ता, सगळं कसं घरगुती, पण मधेच कोणीतरी अशी एक शिवी हासडतो की हातातला घास हातात राहतो. तुमच्या सासऱ्यांना शिवी चालते का आणि फक्त बाकीचं चालत नाही, हे तुम्हालाच माहीत.

गेलेली पत परत मिळवायची तर ‘गुल्लक’ लावा. मिश्रांचं घर, दोन पोरं, लाइटबिल, शेजारीण, बास, एवढंच आहे त्यात. आणि गोष्ट सांगतोय कोण तर कोनाड्यातला मातीचा गल्ला. आईचं काम आपल्या गीतांजली कुलकर्णीचं आहे, तीच जी ‘कोर्ट’मध्ये सरकारी वकील होती. एपिसोड छोटे आहेत, सासरे पाणी प्यायला उठले तरी परत येतील. आणि तुम्ही लिहिलंय सासरे बँकेतून रिटायर झालेत, तर त्यांना हर्षद मेहताच्या घोटाळ्यावरची ‘स्कॅम 1992’ द्या, पण एकट्यांना द्या, कानात हेडफोन घालून. बँक रिसीट काय भानगड होती ते त्यांना सगळ्यांच्या आधी कळेल आणि शिव्या बाकीच्यांना ऐकू जाणार नाहीत.

आमच्याकडं आई-नाना घरात तेलुगूच बोलतात, मी आणि बायको अर्धं-अर्धं, पोरांना समजतं पण उत्तर मराठीत देतात. तेलुगू पिक्चर लावला की मारामारी आणि उडत्या गाड्या, नाना दहा मिनिटांत घोरायला लागतात. नानांनी चाळीस वर्षं माग चालवलाय. सगळे जागे राहतील असं सांगा. — अशोक चौक

तुमच्या पत्राची मी वाटच बघत होतो म्हणा ना. आपल्या पूर्व भागात निम्म्या घरांमध्ये हीच गंमत आहे आणि ॲपवाल्यांना ती कळत नाही, त्यांना वाटतं तेलुगू म्हणजे हैदराबाद आणि सोलापूर म्हणजे मराठी, संपलं.

पहिलं नाव ‘मल्लेशम’, 2019 चा आहे. चिंतकिंदी मल्लेशम म्हणून तेलंगणातले विणकर आहेत, खरा माणूस, 2017 मध्ये पद्मश्री मिळाली त्यांना. पोचमपल्ली पद्धतीच्या साडीत विणण्याच्या आधी ‘आसू’ नावाचं एक काम असतं, अर्धगोलात खिळे असतात, त्यांच्याभोवती धागा हातानं पुढं-मागं फिरवायचा, एका साडीला हजारो वेळा. हे काम घरातल्या बाईचं. मल्लेशमच्या आईचा खांदा त्यात कामातून गेला. तर ह्या सहावीत शाळा सोडलेल्या पोरानं ठरवलं की ह्याचं मशिन करायचं, आणि वर्षानुवर्षं खटपट करून 1999 मध्ये केलं, नाव दिलं आईचंच, लक्ष्मी आसू. गावात लोक वेडा म्हणतात, उधारी होते, लग्न होतं, बायको साथ देते, सगळं ओळखीचं आहे. पण नाना गोष्टीसाठी जागे राहणार नाहीत, ते बघणार की धागा बरोबर धरलाय का. धरला नसेल तर ते बोलतील. बोलू द्या. मी हा पिक्चर साखर पेठेतल्या एका दोस्ताच्या घरी बघितला, त्याच्या वडिलांनी अर्धा तास पिक्चर थांबवून आम्हाला कांडी भरणं ते बीमवर ताणा चढवणं सगळं हातानं करून दाखवलं, आणि खरं सांगतो, तो अर्धा तास जास्त चांगला होता.

दुसरा ‘बलगम’, 2023. बलगम म्हणजे आपलं गणगोत. म्हातारा जातो आणि पिंडाला कावळा शिवत नाही. आता हे मराठी माणसाला काय समजावून सांगायचं? भाषा कुठलीही असू दे, कावळा न शिवणं म्हणजे काय ते तुमच्या पोरांनापण कळेल. आणि घरातलं भांडण कशावरून, तर जेवणाच्या पंगतीत जावयाच्या पानात नळीचं हाड पडलं नाही यावरून! त्या एका हाडावरून पुढची वीस वर्षं बोलणं बंद. मटण-भाकरीची पंगत ज्यानं बघितलीये त्याला यात काही खोटं वाटायचं नाही. तेलंगणात हा पिक्चर गावागावांत पडदा लावून लोकांनी एकत्र बघितला, म्हाताऱ्या बायका रडताना दिसायच्या. तुमच्या नानांना आवडेल त्याचं अजून एक कारण म्हणजे बोली. एरवी पिक्चरमधली तेलुगू ही आंध्राकडची गुळगुळीत असते, ह्यात तेलंगणाची आहे, घरात आजी बोलायची तशी. दोन्ही पिक्चरमध्ये हिरो एकच आहे, प्रियदर्शी, साधा दिसणारा पोरगा, तुमच्या शेजारच्या कारखान्यात कामाला असेल असा.

तिसरं नाव सांगू की नको असं झालंय. ‘कांचीवरम’, तमिळ आहे, प्रकाश राजला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दुसऱ्यांसाठी आयुष्यभर रेशीम विणणारा माणूस, पोरीच्या लग्नात रेशमी साडी देईन असा शब्द देऊन बसतो, मजुरीत ते कधीच जमणार नसतं, मग रोज तोंडात लपवून थोडं थोडं रेशीम घरी आणतो. शेवट फार वाईट आहे. नानांना आधी सांगा आणि मग ठरवू द्या. मी स्वतः एकदाच बघितलाय, परत धीर झाला नाही.

अक्षरांचा प्रश्न येईल, पोरांना इंग्लिश सबटायटल वाचताना दमायला होतं. मग पोरांना नानांच्या शेजारी बसवा, अडलं की विचारतील.

मावशीनं मराठी सस्पेन्स विचारलाय, खूप रक्त नको, डोकं चालवायला पाहिजे. — विजापूर रोड

‘वाळवी’, परेश मोकाशी, 2023. बायकोचा काटा काढायचा प्लॅन करणारे लोक स्वतःच कसे गुंतत जातात ते बघताना हसूही येतं आणि हसल्याची लाजही वाटते. आधी कुणाकडून काहीही ऐकू नका, मीही अजून काही लिहीत नाही. सिरीज हवी तर ‘समांतर’, सुहास शिरवळकरांच्या कादंबरीवरची. एका माणसाला कळतं की आपलं पुढं जे होणार ते दुसऱ्या एकाच्या आयुष्यात आधीच होऊन गेलंय, मग तो त्या दुसऱ्याला शोधत निघतो. पहिला सीझन फास्ट आहे. दुसऱ्यात मी मधे चहा करून आलो, फार काही चुकलं नाही.

काका, मला कोरियन ड्रामाचं वेड आहे. आई शेंगाचटणीचा घरगुती धंदा करते, रात्री पॅकिंग करताना टीव्ही लागतो पण माझं काही लावलं की ‘सगळे एकसारखेच दिसतात, कोण कुणाचा कोण कळत नाही’ म्हणते. तिला कसं वळवू? — एफवायची विद्यार्थिनी, सात रस्ता

आईची तक्रार बरोबर आहे आणि ती बहुतेक तिसऱ्या एपिसोडला संपते. चूक तुझी एवढीच की तू तिला तुझ्या आवडीचं लावलं असणार, श्रीमंत मुलगा, गरीब मुलगी, पावसात छत्री. ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ मलाही आवडली, पॅराग्लायडिंग करता करता वादळात सापडून सोल मधली पोरगी थेट उत्तर कोरियात पडते आणि तिथला लष्करी अधिकारी तिला लपवतो, आणि ते दोघं नंतर खऱ्या आयुष्यातपण लग्न करून बसले. पण आईसाठी ती दुसऱ्या नंबरला ठेव. तिच्यातसुद्धा आईला हिरोपेक्षा त्या गावातल्या बायका आवडतील बघ, एकमेकींच्या घरात डोकावणाऱ्या, लाइट गेली की कुरकुरणाऱ्या.

पहिला नंबर ‘रिप्लाय 1988’. सोलमधली एक गल्ली, पाच पोरं, त्यांची घरं. पहिल्याच एपिसोडमध्ये एक सीन आहे, संध्याकाळी एका घरातून पोरगं वाटीत काहीतरी घेऊन शेजारी जातं, शेजारीण दुसरं काही देऊन पाठवते, मग तिकडून तिसऱ्या घरी, शेवटी सगळी पोरं हातात भांडी घेऊन गल्लीत एकमेकांना धडकतात आणि प्रत्येक घरात एका भाजीच्या जागी ताटभर जेवण तयार. दुसऱ्याची वाटी रिकामी परत पाठवायची नाही, हे तुझी आई शिकूनच मोठी झालीये. तो सीन आला की तू काही बोलू नको, नुसतं तिच्याकडं बघ. त्यात दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहून फसलेला बाप आहे, तळघरात राहणारं घर आहे, मधल्या पोरीला कुणी विचारत नाही म्हणून रडारड आहे. वीस एपिसोड आहेत आणि एकेक तासाच्या वर, पण पॅकिंगचं काम रोजचं आहे ना, मग वीस रात्री निघतात.

एक अडचण मात्र खरी आहे, हात कामात असले की खालची अक्षरं वाचता येत नाहीत. म्हणून आधी ऑडिओच्या बटनात हिंदी आहे का बघ, काही ड्रामांना असतं. नसेल तर तू मोठ्यानं वाच. माझ्या बहिणीनं आमच्या आईला अशी अख्खी एक सिरीज वाचून दाखवलीये आणि शेवटी शेवटी ती स्वतःचेच डायलॉग घुसडायला लागली होती, ‘अगं ए भवाने’ वगैरे. आईला अजून वाटतं ते कोरियनमध्येच होतं.

सुट्टीत पोरं (वय आठ आणि अकरा) दिवसभर कार्टून बघतात. ऊन चव्वेचाळीसच्या घरात, बाहेर सोडता येत नाही. काहीतरी चांगलं सुचवा, पण ‘संस्कार’वालं नको, ती पळून जातात. — होटगी रोड

‘एलिझाबेथ एकादशी’. पंढरपूर, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं. एलिझाबेथ ही सायकल आहे, वारलेल्या वडिलांनी स्वतः बनवलेली. आईचं स्वेटर विणायचं मशिन कर्जापायी गेलंय, ते सोडवायला सायकल विकायची वेळ येते, तर ज्ञानेश आणि त्याची बहीण झेंडू एकादशीच्या गर्दीत आईला न सांगता बांगड्यांचं दुकान टाकतात. 2014 चा आहे, लहान मुलांच्या पिक्चरसाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पोरं त्यात खरंच पोरांसारखी बोलतात, म्हणजे मधेमधे अचकटविचकटपण, ते चालवून घ्या. आणि जमलं तर पुढच्या आठवड्यात सकाळच्या एसटीनं पंढरपूरला घेऊन जा, गल्ल्या ओळखत फिरतील.

मग ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’, इराणचा, 1997. भावाच्या हातून बहिणीचे बूट हरवतात, बापाला सांगायची सोय नाही, तर दोघं एकच जोडी आळीपाळीनं घालून शाळेत जातात, ती सकाळी, तो दुपारी, मधे गल्लीत पळत अदलाबदल. भाषा फारसी आहे, पण आठ वर्षांच्या पोराला बूट कळतो. आणि ‘मालगुडी डेज’, शंकर नागनी कर्नाटकात आगुंबेला शूट केलेली. एक भाग वीस-बावीस मिनिटांचा, जेवण आणि झोप यांच्या मधे बरोबर बसतो.

कार्टून बंद करू नका. नाहीतर हे सगळे पिक्चर शिक्षा वाटायला लागतील.

सैराट किती वेळा बघितला ते विचारू नका. नागराज अण्णांचं अजून काय बघू? — अकलूज

अकलूजच्या माणसानं हे विचारायचं म्हणजे कमाल आहे, आर्ची तुमच्या गावची. ‘फँड्री’ बघितला नसेल तर आजच बघा. जब्याच्या घरचे डुकरं पकडायला निघतात आणि ज्या पोरीवर त्याचा जीव आहे ती आणि अख्खी शाळा बघत असते. सैराटमध्ये शेवटी धक्का बसतो, फँड्रीत तो पहिल्यापासून हळूहळू चढत जातो आणि शेवटचा दगड थेट आपल्याकडं येतो. त्याच्याही आधीची ‘पिस्तुल्या’ ही छोटी फिल्म मिळाली तर सोडू नका, त्यातला पोरगा सूरज पवार. सैराटचा प्रिन्स तोच.

मी निवृत्त शिक्षक. नवे काही सांगू नका. जुने, सोलापूरशी नाते असलेले काही आहे काय? — रेल्वे लाइन्स

आहे सर. भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक तुम्ही बघितलंच असेल. त्यांच्यावरचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ व्ही. शांतारामबापूंनी 1946 मध्ये काढला आणि कोटणीसांचं काम स्वतःच केलं. सोलापूरचा एक तरुण डॉक्टर 1938 मध्ये चीनला जातो, तिथंच लग्न करतो आणि 1942 मध्ये तिथंच वारतो. आजच्या नजरेला भाषणं जास्त वाटतील, पण आपल्या गावाचं नाव पडद्यावर ऐकताना काय वाटतं ते तुम्ही मला लिहा.

आणि जब्बार पटेल तर सोलापुरातच शिकले. त्यांचा ‘सामना’ परत बघा. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा निळू फुले आणि दारू पिऊन भटकत आलेला मास्तर श्रीराम लागू, आणि मास्तरचा तो एकच प्रश्न, मारुती कांबळेचं काय झालं? एवढी चिमणीवाली गावं आपल्या जिल्ह्यात, पिक्चर जुना वाटत नाही. ‘सिंहासन’ निवडणुकीच्या दिवसांसाठी ठेवा.

मी अक्कलकोट रोड एमायडीसीत गोडाऊनला नाइट वॉचमन आहे. मोबाईल साधा, नेट दिवसाला दीड जीबी. रात्र काढायला काय बघू? दोस्त ‘काय करलालास बे’ म्हणून फोन करतात तेवढीच करमणूक. — नाव नको

अण्णा, पहिली गोष्ट, ड्युटीवर नेट जाळू नका. चांगल्या क्वालिटीत एक तास बघितलं तर दोन-तीन जीबी सहज जातात, तुमचा दीड जीबी चहाच्या आधीच संपेल. ॲपमध्ये डाउनलोडचं बटन असतं, क्वालिटी सगळ्यात खालची निवडा, छोट्या स्क्रीनवर फरक कळत नाही. रोजचा उरलेला नेट दिवसा झोपायच्या आधी त्याला लावा, उठेपर्यंत दोन-तीन भाग उतरलेले असतात.

बघायचं काय तर ‘ब्योमकेश बक्षी’, 1993 ची दूरदर्शनची, बासू चटर्जींची, रजित कपूरवाली. धोतर नेसलेला डिटेक्टिव्ह, ना पळापळ ना गोळीबार, बसून बोलत बोलत चोर पकडतो. नुसतं ऐकलं तरी समजतं, म्हणजे नजर गेटवर ठेवता येते. चौतीस भाग आहेत, रोज दोन म्हटलं तरी सतरा रात्री. भुताचं काही रात्री लावू नका, गोडाऊनमध्ये उंदीर असतातच. आणि इअरफोन एकाच कानात घाला, सुपरवायझरची गाडी आली तर ऐकू आली पाहिजे.